जुनं ते सोनं... की तांबं?

मित्रांनो, एक साधा प्रश्न. तुमच्यापैकी किती जणांनी व्हॉल्व्ह हातात घेऊन पाहिलाय? पाण्याच्या पाइपवरचा नव्हे, रेडिओतला! आमच्या एक्सटीसीच्या वर्गात मी हे विचारलं तेव्हा दोनच हात वर आले. त्यातला एक गिटारच्या ॲम्प्लिफायरवाला होता आणि दुसऱ्याने बाइकच्या इंजिनातला व्हॉल्व्ह पाहिला होता! मराठीत याला 'निर्वात नलिका' म्हणतात हे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला हा लेख लिहायला घेतल्यावर कळलं. पण ज्यांनी आयुष्यभर त्या नलिका हाताळल्या तेही व्हॉल्व्हच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू या.

माजिवड्याला आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा राहतात. वय ऐंशीच्या पुढे. ते हॅम आहेत, म्हणजे हौशी रेडिओचे परवानाधारक. तरुणपणी डोंबिवलीच्या चाळीत राहत असताना त्यांनी स्वतःच्या हाताने एक ट्रान्समीटर बांधला. चासीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने '१९६८' असं लिहिलेलं आजही दिसतं. पुढे तयार जपानी सेट आले आणि हा गडी कपाटावर जाऊन बसला, तो गेली तीस वर्षं तिथेच.

यंदा बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. दिवाळीच्या आत घरं रिकामी करायची होती. आजोबा तात्पुरत्या भाड्याच्या वन रूम किचनमध्ये जाणार, मुलगा परदेशात, सामान कमी करायलाच हवं. भंगारवाला आला. त्याने सेट हाताने उचलून पाहिला, आतले ट्रान्सफॉर्मर बघितले आणि तांब्याचा भाव लावला. आजोबा म्हणाले, "चालत नसेल तर घेऊन जा बाबा. पण चालतो की नाही ते बघितल्याशिवाय मी देणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गं, तुमच्या कॉलेजात हे शिकवतात ना? दोन महिने आहेत आपल्याकडे."

त्या दोन महिन्यांत जे शिकले ते इथे मांडते. तुमच्या घरी, गावाकडे, एखाद्या काकांच्या माळ्यावर असा सेट असू शकतो. भंगारवाल्याच्या आधी तुम्ही तिथे पोचावं एवढीच इच्छा!

आधी थोडा इतिहास

हॅम रेडिओ म्हणजे पैशासाठी नव्हे तर हौसेसाठी, सरकारचा परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या फ्रीक्वेन्सींवर एकमेकांशी बोलणं. बोलणं म्हणजे आवाजाने किंवा मोर्सच्या 'डा-डिट'ने. मोबाइलच्या जमान्यात हे कशाला, असं वाटेल. पण १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात आणि २००१ च्या भूजच्या भूकंपात फोन बंद पडले तेव्हा निरोप पोचवायला हॅम मंडळी धावून गेली होती. टॉवर नको, नेटवर्क नको. एक सेट, एक बॅटरी आणि दोन झाडांमध्ये बांधलेली तार, झालं काम.

मुंबईचं या बाबतीतलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे १९४२ चं काँग्रेस रेडिओ. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने हौशी परवाने बंद केले आणि ट्रान्समीटर जमा करायला लावले. तरीही 'चले जाव' नंतर काही दिवसांतच, २७ ऑगस्ट १९४२ ला, मुंबईत एक गुप्त केंद्र सुरू झालं. त्यात पुढे होत्या उषा मेहता. वय २२, म्हणजे माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या! ट्रान्समीटरचं तांत्रिक काम पाहणारे नरिमन प्रिंटर हे आधीचे परवानाधारक हॅम. पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून सेट या घरातून त्या घरात हलवत हे केंद्र १२ नोव्हेंबर १९४२ ला पकडलं जाईपर्यंत चालवलं गेलं. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आता एक गंमत बघा. हे केंद्र ४२.३४ मीटरवर बोलायचं. फ्रीक्वेन्सी काढा: प्रकाशाचा वेग भागिले तरंगलांबी, २९९.८ भागिले ४२.३४, म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्‌झ. भारतात आज हॅम लोकांना दिलेला 'चाळीस मीटर' बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झ आहे. म्हणजे काँग्रेस रेडिओ जिथे बोलायचा बरोबर तिथेच आजोबांचा १९६८ चा सेटही बोलतो!

युद्ध संपल्यावर फौजेचं रेडिओ सामान भंगाराच्या भावात बाजारात आलं. त्याला सगळे 'डिस्पोजलचा माल' म्हणत. पुढची कित्येक वर्षं आपल्याकडच्या हॅम लोकांची अर्धी शाळा त्याच मालावर चालली. आजोबांच्या सेटमधला मुख्य व्हॉल्व्ह ८०७ हा त्याच पिढीतला. युद्धात तो भरपूर वापरला गेला, त्यामुळे नंतर स्वस्तात मिळायचा. क्रिस्टलही तसलंच: एफटी-२४३ नावाच्या, काडेपेटीहून लहान काळ्या डबीतलं. लॅमिंग्टन रोडला आणि चोरबाजारात चकरा मारून एकेक वस्तू जमवायला आजोबांना दीड वर्ष लागलं.

डब्यात आहे तरी काय?

घाबरू नका, सर्किट आपल्या सेकंड इयरच्या पुस्तकाच्या बाहेरचं नाही. तीन भाग आहेत.

पहिला ऑसिलेटर. क्रिस्टल ठरावीक फ्रीक्वेन्सीलाच थरथरतं, त्यामुळे सिग्नल ठरल्या जागी राहतो. इथे ६एजी७ हा व्हॉल्व्ह आहे.

दुसरा पॉवर ॲम्प्लिफायर, म्हणजे आपला ८०७. फिलामेंट तापतं, कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, डोक्यावरच्या टोपीला जोडलेली प्लेट ६०० व्होल्टने त्यांना ओढते आणि मधली ग्रिड वाटेत उभी राहून किती जाऊ द्यायचे ते ठरवते. सेट 'क्लास सी' मध्ये चालतो, म्हणजे व्हॉल्व्ह प्रत्येक आवर्तनात थोडाच वेळ करंट वाहू देतो. मग पूर्ण साइन वेव्ह कुठून येते? पुढच्या कॉइल आणि गँग कंडेन्सरमधून. झोक्याला दर खेपेला योग्य वेळी एक छोटा धक्का दिला की तो मोठा झोका घेत राहतो ना, अगदी तसंच! १०० पिकोफॅरडला साधारण ५ मायक्रोहेन्रीची कॉइल लावली की झोका ७.०८ मेगाहर्ट्‌झला बसतो. व्हायवाला विचारतील, करून बघा.

तिसरा पॉवर सप्लाय: ट्रान्सफॉर्मर, ५आर४ रेक्टिफायर, चोक आणि फिल्टर कंडेन्सर. ६०० व्होल्ट, १०० मिलिॲम्पिअर, म्हणजे ६० वॉट आत जातात आणि त्यातले सुमारे ४० वॉट ॲन्टेनाला मिळतात. बाकीचे उष्णता होऊन ८०७ च्या काचेतून बाहेर पडतात.

पहिला नियम: प्लग लावायचा नाही!

जुना सेट मिळाला की सगळ्यांचा पहिला प्रश्न, "लावून बघू या का?" नाही! तीस वर्षं बंद असलेल्या सेटला थेट २३० व्होल्ट दिले तर सुकलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर शॉर्ट होतो, तो रेक्टिफायरला घेऊन जातो आणि रेक्टिफायर ट्रान्सफॉर्मरला. ८०७ अजूनही मिळतो, पण आजोबांनी खास गुंडाळून घेतलेला तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणार नाही. म्हणजे भंगारवाल्याने तांब्याचा जो भाव लावला तोच खरा ठरला असता.

दुसरी गोष्ट जिवाची. हॉस्टेलच्या बादलीत कॉइल टाकून आंघोळीचं पाणी तापवणाऱ्या वीरांनो, इथे तसलं धाडस चालत नाही. ६०० व्होल्ट डीसी माणूस मारू शकतो आणि ८०७ च्या डोक्यावरची टोपी उघडी असते. सेट बंद केल्यावरही १६ मायक्रोफॅरडच्या फिल्टरमध्ये जवळजवळ तीन ज्यूल साठलेले असतात. त्यावर उपाय म्हणून चांगल्या सेटमध्ये ब्लीडर असतो. इथे ५० किलो-ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर आहे, तो चार-पाच सेकंदांत सगळं रिकामं करतो. पण ब्लीडर तुटलेला असला तर? म्हणून दर वेळी प्लग काढायचा, थांबायचं, लांब प्लास्टिकच्या दांड्याला बांधलेल्या रेझिस्टरने कंडेन्सर चासीला टेकवून रिकामा करायचा, मग मीटरने शून्य बघायचं आणि त्यानंतरच हात घालायचा. आजोबांचा आणखी एक नियम होता: चालू सेटजवळ डावा हात खिशात. माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता, म्हणून "पाठीमागे धर" असा हुकूम झाला. एकट्याने काम करायचं नाही, हाही नियम. रोज संध्याकाळी माझा भाऊ मेन स्विचजवळ स्टूल टाकून बसायचा आणि त्याचा मोबदला वडापावात घ्यायचा.

पहिला आठवडा: नुसतं बघणं

सेटचं झाकण उघडलं आणि मी गप्पच झाले. वायरी मेणाच्या दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, एकेका वळणावर काटकोनात वळलेल्या. प्रत्येक टोक आधी लगला गुंडाळलेलं आणि मग सोल्डर केलेलं, म्हणजे कथील वितळलं तरी वायर सुटायची नाही. पार्टमध्ये बोट घालता येईल एवढी जागा. कॉइल सिरॅमिकच्या नळीवर. झाकण उघडलं की हाय व्होल्टेज आपोआप तोडणारा स्विच. एकच मीटर, पण रोटरी स्विच फिरवला की तोच मीटर ग्रिडचा, स्क्रीनचा आणि प्लेटचा करंट दाखवतो. आणि झाकणाच्या आत चिकटवलेलं सर्किट, पिवळं पडलेलं पण अक्षर न अक्षर वाचता येणारं.

मी आजोबांना म्हटलं, "एवढं नीट कशाला केलंत? बंद डब्यात कोण बघणार होतं?"

ते म्हणाले, "अगं, पुढचा बिघाड मलाच शोधायचा होता ना."

चांगलं बांधलेलं यंत्र म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. ते बिघडणार हे बांधणाऱ्याने आधीच धरलेलं असतं आणि त्यावेळी हात कुठून घालायचा याची सोय केलेली असते. माझ्या लॅपटॉपचा चार्जर मी उघडायला गेले तर तो आधी फोडावा लागला. तिथे दुरुस्तीचा विचारच नाही.

पहिला आठवडा आम्ही फक्त फोटो काढले, ब्रशने धूळ उडवली, खाडीच्या दमट हवेने हिरवे पडलेले संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले आणि कागदावरचं सर्किट प्रत्यक्ष वायरिंगशी ताडून पाहिलं. दोन ठिकाणी फरक होता. आजोबांनी नंतर केलेले बदल कागदावर चढवायचे राहिले होते.

काय बदलायचं, काय नाही

बरेच जण जुना सेट मिळाला की सगळे पार्ट बदलून टाकतात. मग त्यात जुनं उरतं काय? आमचा हिशोब असा होता:

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलायचे. आतलं द्रव सुकतं, त्याला इलाज नाही. नवे ३३ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये लावले. दोघांवर सारखे व्होल्ट पडावेत म्हणून प्रत्येकाला समांतर २२० किलो-ओहम, १ वॉटचा रेझिस्टर. जुने डबे काढले नाहीत, नुसते तोडून ठेवले. वरून सेट जसाच्या तसा दिसतो.

कार्बनचे रेझिस्टर मोजायचे. वयाबरोबर त्यांची किंमत वाढते (रेझिस्टरची, बाजारातली नव्हे!). ४७ किलो-ओहमचा ५३ निघाला, म्हणजे सुमारे तेरा टक्के जास्त, तो ठेवला. २२ चा ३१ निघाला, तो बदलला.

मायका आणि सिरॅमिक कंडेन्सर, कॉइल, गँग आणि व्हॉल्व्ह यांना उगीच हात लावायचा नाही. गँगच्या पात्या कानस किंवा पॉलिश पेपरने घासायच्या तर मुळीच नाहीत. एखाद्या सेटमध्ये तेल भरलेले जुने पत्र्याचे कंडेन्सर असले तर ते उघडायचे नाहीत. अशा काहींच्या तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायन असतं. (आपला प्रिंटेड सर्किट बोर्ड नव्हे!)

मग ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह काढून ठेवले, मेगरने इन्सुलेशन तपासलं आणि सिरीज बोर्ड लावला. इलेक्ट्रिशियन लोक वापरतात तोच: प्लगच्या वाटेत १०० वॉटचा बल्ब. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंदावतो. यासाठी जुना तारेचा बल्बच हवा, एलईडी चालत नाही. तो शोधायला मला माजिवडा नाक्यापासून स्टेशन रोडपर्यंत पाच दुकानं फिरावी लागली! आमचा बल्ब उजळला आणि मंदावला. भाऊ स्टुलावरून टाळ्या वाजवत उठला.

एक बारीक गोष्ट इथे सांगते. सेट १९६८ ला २२० व्होल्टच्या हिशोबाने लावला होता. आमच्या सॉकेटला मीटरवर २४४ आले. त्याच जोडणीवर ६.३ व्होल्टच्या हीटरला जवळजवळ ७ व्होल्ट मिळाले असते, म्हणजे अकरा टक्के जास्त, आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटलं असतं. पण आजोबांनी प्राइमरीला २००, २२० आणि २४० असे तीन टॅप काढून घेतले होते! एक वायर २२० वरून २४० वर नेली आणि हीटरला ६.४ मिळाले. साठ वर्षांपूर्वीची दूरदृष्टी म्हणतात ती ही.

१७५ व्होल्टचं कोडं

व्हॉल्व्ह परत लावले. हाय व्होल्टेज आलं, ६०० च्या आसपास, अगदी शांत. ऑसिलेटर चालला. ८०७ ची की दाबली आणि... पॉवर अर्ध्याच्याही खाली. स्विच फिरवून बघितलं तर स्क्रीन ग्रिडला हवेत २५० व्होल्ट, मिळत होते १७५. स्क्रीनला ६०० वरून व्होल्टेज उतरवणारा ५० किलो-ओहमचा रेझिस्टर नेहमीपेक्षा जास्त तापत होता.

माझा पहिला अंदाज, रेझिस्टर गेला. काढून मोजला, ५० च निघाला. दुसरा अंदाज, ८०७ गेला. आजोबांच्या डब्यातला दुसरा ८०७ लावला, तरी तेच. आता उरला स्क्रीनपासून चासीला जाणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सर. त्याचं एक टोक सोडवून मल्टिमीटरने मोजला. कॅपॅसिटन्स बरोबर, ओहमवर गळती जवळजवळ नाही. म्हणजे निर्दोष?

आजोबा हसले. "तुझा मीटर त्याला किती व्होल्ट देतोय? फार तर नऊ. आणि तो काम करतो अडीचशेला. मेगर आण."

मेगर २५० व्होल्टवर लावला आणि काटा झपकन खाली आला. कंडेन्सर ५० किलो-ओहमच्या रेझिस्टरसारखा वागत होता! थोडं गणित: स्क्रीन सुमारे ७ मिलिॲम्पिअर घेते, म्हणजे २५० व्होल्टला ती साधारण ३६ किलो-ओहमसारखी. त्याला समांतर गळतीचे ५०, एकूण २१ च्या आसपास. वरच्या ५० बरोबर विभागणी केली की ६०० चे १७५ व्होल्ट होतात. आकडा जुळला तेव्हा मला परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाल्यासारखं वाटलं.

नवा सिरॅमिक कंडेन्सर लावला, व्होल्टेज २४८. यातून घ्यायचा धडा असा: पार्ट ज्या व्होल्टेजला काम करतो त्याच व्होल्टेजला तो तपासायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आम्ही पहिल्याच दिवशी सगळे पार्ट बदलून टाकले असते तर सेट कदाचित चालला असता, पण तो का चालत नव्हता हे कधीच कळलं नसतं.

ॲन्टेनाच्या आधी डमी

दुरुस्त केलेला ट्रान्समीटर लगेच ॲन्टेनाला जोडायचा नाही. आधी डमी लोड, म्हणजे सगळी पॉवर गिळून गरम होणारा ५० ओहमचा रेझिस्टर. १ किलो-ओहम, २ वॉटचे वीस मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि ४० वॉट होतात. वायरवाउंड नको, कारण तो स्वतःच एक कॉइल असतो.

ट्यूनिंगमध्ये खरी मजा आहे. की दाबली की प्लेटचा करंट झपाट्याने वर जातो. गँग हळूहळू फिरवत गेलं की एका जागी मीटरचा काटा एकदम खाली डुबकी मारतो. हाच तो 'डिप', म्हणजेच रेझोनन्स! फळ्यावर शंभर वेळा काढलेला तो ग्राफ इथे काट्याच्या हालचालीत दिसतो. मग दुसरी गँग फिरवून लोड वाढवायचा, पुन्हा डिप शोधायचा, असं करत करंट १०० मिलिॲम्पिअरला आणायचा. डिप सापडेपर्यंत की दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबायची नाही, नाहीतर ८०७ ची प्लेट लाल होते. आमच्या डमीवर ४३ व्होल्ट आरएमएस आले. वर्ग करा, ५० ने भागा: ३७ वॉट. एवढ्या वर्षांनी!

परवान्याचं काय?

हा भाग वगळून वाचू नका. आपल्या देशात १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून परवान्याशिवाय असा सेट नुसता जवळ बाळगणंही गुन्हा धरलेलं आहे, वापरणं तर दूरच. परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा परीक्षा घेऊन देते. आपल्या अभ्यासक्रमाच्या मानाने परीक्षा कठीण नाही. आमच्या बाबतीत सेट आजोबांच्या घरातून हलला नाही, की त्यांनीच दाबली आणि मी फक्त पाना-स्क्रू ड्रायव्हरवाली मदतनीस होते. तुमच्या घरात सेट सापडला आणि ज्यांचा होता ते आता नसतील, तर प्लग लावण्याआधी एखाद्या परवानाधारक हॅमला गाठा. हॅम मंडळी मदतीला तयार असतात, आणि जुना सेट आहे म्हटल्यावर तर विचारूच नका!

हवेत

दिवाळीला बारा दिवस उरले असताना गच्चीवर तारेचा डायपोल बांधला. ७.०८ मेगाहर्ट्‌झला अर्धी तरंगलांबी सुमारे २१ मीटर. तारेच्या टोकांचा परिणाम धरून ती थोडी कमी घ्यायची, म्हणून प्रत्येक बाजूला १०.१ मीटर. कान लावला तर आधी नुसता खरखराट! घराघरांतले एलईडी ड्रायव्हर आणि स्वस्त चार्जर चाळीस मीटरवर केवढा कचरा करतात हे तुम्हाला हेडफोन लावल्याशिवाय कळणार नाही. १९६८ च्या डोंबिवलीत हा आवाजच नव्हता, असं आजोबा म्हणाले.

त्यांनी सीक्यू पाठवायला सुरुवात केली. हात थरथरत होता, पण मोर्स थरथरत नव्हतं. तिसऱ्या हाकेला कोल्हापूरहून उत्तर आलं. रिपोर्ट मिळाला ५७९, म्हणजे नीट वाचता येतोय, सिग्नल बऱ्यापैकी जोरात आणि सूर एकदम स्वच्छ. आजोबांनी कळवलं, सेट घरी बांधलेला, ८०७, १९६८. पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. मला मोर्स येत नाही, म्हणून मी विचारलं, काय म्हणतोय?

"विचारतोय, सर्किट देता का म्हणून."

मी त्याच आठवड्यात सर्किट नव्याने काढलं, दोन जुने फरक चढवून. आजोबांनी त्याचा फोटो कोल्हापूरला पाठवला. काय बदललं, किती व्होल्टचं, कोणत्या दिवशी आणि का, अशी एक यादी करून ती झाकणात जुन्या कागदाशेजारी चिकटवली. सेट आता आजोबांबरोबर भाड्याच्या घरात आहे, कपाटावर नव्हे तर टेबलावर. आणि माझ्या अभ्यासाच्या टेबलावर मोर्सचा तक्ता लागलाय.

तेव्हा मंडळी, सुट्टीत घरी गेलात की माळ्यावर एकदा नजर टाका. जड पत्र्याचा डबा, काचेचे व्हॉल्व्ह आणि तोंडावर मीटर दिसला तर प्लग लावू नका आणि भंगारातही देऊ नका. आधी झाकण उघडा आणि कुणी आत काही लिहून ठेवलंय का ते बघा.